सशर्त मान्यता

शालेय ग्रंथपालांच्या संघटनेत कुठल्याही शाळेच्या पाहणीला माणूस धाडण्याआधी सचिव त्याला सगळ्यांसमोर तीन प्रश्न विचारतात. त्या शाळेत तुमचं कुणी नातेवाईक आहे का? तिथे तुम्ही कधी नोकरी केली आहे का? तिथल्या कुणाशी तुमचं भांडण आहे का? उत्तर तोंडीच द्यायचं, आणि मोठ्याने. कागदावर माणूस न वाचता सही ठोकतो, पण चारचौघांत तोंडाने खोटं बोलताना जीभ अडखळते, असं सचिवांचं मत. त्यांनी स्वतः हयात शाळेच्या ग्रंथालयात काढली होती आणि पुस्तक हरवून आलेल्या पोरांची तोंडं वाचण्याचा त्यांना दांडगा सराव होता.

त्या दिवशी हे तीन प्रश्न ताईंना विचारले गेले आणि ताईंनी तिन्ही वेळा ‘नाही’ म्हटलं. पहिलं उत्तर खरं होतं. उरलेली दोन धादांत खोटी होती, आणि जीभ कुठेही अडखळली नाही. सचिवांनी मान डोलावली आणि पाहणीचं काम ताईंकडे गेलं.

खोटं उघडकीला आलं तर काय होतं हे ताईंना तोंडपाठ होतं, कारण तो नियम त्यांनीच आग्रहाने करून घेतला होता. पाहणी रद्द, निकाल रद्द, सगळं पहिल्यापासून नव्या माणसाकडून, आणि खोटं बोलणाऱ्याला संघटनेचा दरवाजा कायमचा बंद. संघटना म्हणजे औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत टेबलं, दुसरीत पुस्तकांच्या पेट्या. ज्या शाळांना ग्रंथालय नाही त्यांना या पेट्या फिरत्या द्यायच्या, नव्या ग्रंथपालांच्या कार्यशाळा घ्यायच्या, शिक्षण खात्याशी पदांसाठी हुज्जत घालायची आणि शाळांच्या ग्रंथालयांची पाहणी करून मान्यता द्यायची, असा सगळा कारभार. मान्यता मिळाली की शाळेला पूर्णवेळ ग्रंथपालाचं पद मिळे, म्हणून शाळा तिच्यासाठी जिवाचं रान करत. ताईंचं अर्धं आयुष्य त्या दोन खोल्यांत गेलं होतं. त्यावर पाणी सोडायची तयारी त्यांनी एका माणसासाठी केली होती, आणि तो माणूस काही प्रेमाचा नव्हता.

त्या माणसाला शाळेत सगळे मागून ‘फीतकापे’ म्हणत. मुख्याध्यापक म्हणून आल्याआल्या त्याने नळाचंसुद्धा उद्घाटन केलं होतं. फीत बांधायची, कात्री मागवायची, फोटो काढायचा. ताई तेव्हा तरुण होत्या, सडपातळ होत्या, कमरेपर्यंत वेणी होती, आणि त्या शाळेच्या ग्रंथपाल होत्या. तात्पुरत्या नेमणुकीवर, पण ग्रंथालय तात्पुरतं नव्हतं. शाळेतली सगळ्यात मोठी खोली होती ती. पूर्वेला तीन उंच खिडक्या, आणि खिडक्यांना इतक्या रुंद कडा की पोरं त्यांवर पाय दुमडून वाचत बसत. दुपारच्या सुट्टीत कडेवर जागा मिळावी म्हणून मारामाऱ्या होत. पुस्तकासाठी मारामारी करणारी पोरं बघून ताईंचा ऊर भरून यायचा, आणि मग त्या दोघांनाही कान धरून बाहेर काढायच्या.

एका मोठ्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा खोलीत गालिचा होता. सोफा होता. फीतकापेचं टेबल होतं. पुस्तकं मुतारीशेजारच्या बोळात ढिगाने रचली होती, आणि वरून नळ गळत होता. ताई तशाच शिक्षकांच्या खोलीत गेल्या. तिथे सगळे बसले होते. त्यांनी विचारलं, सर, माझं ग्रंथालय कुठे आहे? फीतकापेने बिस्किट चहात बुडवलं, खाल्लं आणि म्हणाला, “बाई, पुस्तकं सांभाळायला कुलूप पुरतं. माणूस कशाला लागतो?”

सगळे हसले. फीतकापेवर ताईंचा राग होताच, पण ते हसणं त्यांच्या जिव्हारी लागलं. ज्यांच्या वर्गांना त्यांनी वर्षानुवर्षं पुस्तकं पुरवली ती माणसं खिदळत होती. मग ताईंना हरवलेल्या डब्यांच्या आणि टोप्यांच्या कपाटावर, म्हणजे ते सांभाळायला, बसवण्यात आलं. सत्र संपायच्या आतच त्यांनी नोकरी सोडली. पुढे दुसऱ्या शाळेत लागल्या, संघटना निघाल्यावर तिच्यात आल्या. आधीच्या त्या तात्पुरत्या नोकरीचं कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण ती शाळा एक ना एक दिवस मान्यतेसाठी अर्ज करणार, याची त्या वाटच बघत बसल्या होत्या.

“एवढा विचार एखाद्या बऱ्या माणसाचा केला असतास ना, तर आतापर्यंत संसार झाला असता तुझा,” धाकटी बहीण म्हणाली. दोघी एकाच घरात राहत. बहीण भाजी निवडत होती आणि ताई उद्याच्या पाहणीसाठी बुटांना पॉलिश करत होत्या, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

“संसारात एवढी मजा नसते.”

“आणि त्याने ओळखलं तर? तुझं काम जाईल, ताई. हसं होईल ते वेगळंच.”

“ओळखू दे की. निकाल हातात पडल्यावर ओळखू दे. मला बघायचंय त्याचं तोंड.”

“म्हणजे तू नापास करणारच आहेस. पाहणी कशाला करतेस मग? घरूनच कळव.”

ताईंनी ब्रश खाली ठेवला. “मी खोटं काही लिहिणार नाही,” त्या म्हणाल्या, आणि बहीण इतकी हसली की तिच्या मांडीवरची भाजी सांडली. कारण खोटं तर बोलून झालंच होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात फीतकापे स्वतः उभा होता. केस गेले होते, पोट आलं होतं, पण तोच पांढरा सदरा आणि खिशाला तीच दोन पेनं. सोबत शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. काठी टेकत चालणारी, कमी बोलणारी म्हातारी. तिच्या नवऱ्याने शाळा काढली होती, त्यामुळे तिच्यासमोर फीतकापेचा आवाज अर्धा व्हायचा.  ताईंची वेणी कधीच गेली होती, केस आखूड आणि पांढरे झाले होते, चष्मा लागला होता, अंग सुटलं होतं. तरी माणूस डोळ्यांवरून ओळखू येतोच. त्यांनी सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

“या मॅडम, या! आमच्या शाळेला आपले पाय लागले,” फीतकापे म्हणाला. ओळखीची खूणही नव्हती. ताईंना आधी हायसं वाटलं. मग थोडं कसंसंच वाटलं, पण त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

ग्रंथालय आता जिन्याखाली होतं. खाली उतरायला तीन पायऱ्या, आत शिरताना मान लववायची, नाहीतर जिन्याची उतरती पाठ कपाळाला लागायची. दिवसाउजेडी दिवा. दारावर मात्र नवीकोरी फीत बांधलेली होती. ताईंना कात्री देण्यात आली. त्यांनी ती फीतकापेला परत दिली आणि त्याने अत्यंत सराईतपणे फीत कापली.

आत पाऊल टाकलं आणि ताईंना आनंदाने ओरडावंसं वाटलं.

कपाटं भरलेली होती. वरपासून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खचाखच. पुस्तकं उंचीने लावली होती, सकाळच्या कवायतीला पोरं उभी करतात तशी, आणि मध्ये बोट शिरायलाही जागा नव्हती. फीतकापे अभिमानाने हात पसरून उभा होता. “एक जागा रिकामी दिसणार नाही तुम्हाला, मॅडम!”

संघटनेची पाहणी करणारी माणसं कपाटातली पुस्तकं बघत नाहीत, कपाटातली भोकं बघतात. ग्रंथालय जिवंत असेल तर फळ्या दात पडलेल्या पोराच्या तोंडासारख्या दिसतात. इथलं पुस्तक कुणाच्या तरी दप्तरात, तिथलं कुणाच्या तरी उशाखाली. भरलेलं कपाट म्हणजे न वाचलेलं कपाट. ज्याला ग्रंथालय म्हणजे काय हे कळत नाही तोच पाहणीच्या दिवशी सगळी पुस्तकं मागवून कपाटं ठासून भरतो. फीतकापेने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, वर त्याला फीतही बांधली होती. ताईंना फक्त खरं लिहायचं होतं. ‘पाहणीच्या दिवशी एकाही विद्यार्थ्याकडे पुस्तक आढळले नाही.’ एक वाक्य, आणि काम तमाम.

“मला ग्रंथपालांशी एकटीने बोलायचं आहे,” त्या म्हणाल्या. तसा रिवाजच होता. फीतकापे आणि अध्यक्षा चहाला वर गेले.

ग्रंथपाल तरुण होती आणि तिचे डोळे सुजलेले होते. अर्धा दिवस ती इथे असे आणि अर्धा दिवस शाळेच्या प्रवेशाच्या खिडकीवर. दार लागताच ती बोलायला लागली.

“तुम्हाला काय वाटतंय ते मला माहितीय. मी तुमच्या कार्यशाळेला आले होते. भोकं बघा, कपाटं बघू नका, असं तुम्हीच सांगितलं होतं. मी सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, दुकानात माल दिसला नाही तर गिऱ्हाईक आत येईल का?”

“मग पोरांकडून सगळी परत घेतलीस?”

“वर्गावर्गांत जाऊन घेतली. दप्तरातून काढून घेतली. रडली हो पोरं.”

तेवढ्यात दाराच्या जाळीला एक नाक चिकटलं. लहानशी मुलगी होती, मधल्या सुट्टीतली. “बाई, आज मिळेल का? ती विहिरीत उतरलीय आणि वर दोर कापलाय, तिथेच माझं राहिलंय.”

“उद्या देते हं,” ग्रंथपाल म्हणाली.

“उद्यापर्यंत ती मरेल ना!” मुलगी म्हणाली आणि पाय आपटत निघून गेली. तिच्यामागे जाळीशी आणखी डोकी होती. ग्रंथपालाने पुढे होऊन दाराचा पडदा ओढला.

“नकार मिळाला तर काय होईल?” ताईंनी विचारलं.

“सर म्हणालेत, मान्यता नाही मिळाली तर एवढा उपद्व्याप हवाय कशाला. कुलूप घालू आणि खुर्च्या ठेवू इथे. मला पूर्णवेळ खिडकीवर बसवणार.” तिने नाक पुसलं. “माझं जाऊ द्या. पण यांना कुठे जायला सांगू?”

ताई एका बुटक्या स्टुलावर बसल्या. आता कुणाला वाटेल की त्यांचं मन द्रवलं. तसं काही झालं नाही. त्यांनी हिशेब केला, आणि तो निव्वळ सुडाचा होता. नकार दिला तर फीतकापेचं काय जाणार होतं? चार दिवस तोंड पाडून फिरेल, मग खुर्च्यांच्या खोलीचं उद्घाटन करेल. पुन्हा एकदा कुलूप लागेल, पुन्हा एका ग्रंथपालाला कुठल्यातरी कपाटावर बसवतील, आणि या वेळी ते ताईंच्या हातून झालेलं असेल. एवढी वर्षं दात धरून बसायचं आणि शेवटी त्याचंच काम आपण करायचं? ताईंना स्वतःचाच संताप आला. त्याच्या जिवाला लागेल असं काहीतरी हवं होतं.

मग त्यांना आठवलं की निकाल तीन प्रकारचे असतात. मान्यता, नकार आणि सशर्त मान्यता.

त्या उठल्या, उठताना जिन्याला डोकं आपटलं, आणि कपाळ चोळत त्या हसत सुटल्या. ग्रंथपाल घाबरून बघत राहिली.

मग ताई वर फीतकापेच्या कार्यालयात, म्हणजे त्यांच्या जुन्या ग्रंथालयाच्या खोलीत गेल्या. गालिचा बदलला होता, सोफा दुसरा आला होता. खिडक्या त्याच होत्या. कडांवर आता सन्मानचिन्हं मांडली होती, कुणी बसू नये अशा बेताने. भिंतीवर, जिथे फळ्यांचे आकडे ठोकलेले होते, तिथली भोकं रंगाऱ्याची लांबी भरून बुजवली होती, तरी रंगाखालून त्यांचे उंचवटे दिसत होते. ताईंना त्यातला प्रत्येक उंचवटा माहीत होता. इथे गोष्टी, इथे चरित्रं, इथे प्राण्यांची पुस्तकं. डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनी चहा मागितला.

“काय मग, मॅडम? पेढे—म्हणजे तोंड कधी गोड करायचं?” फीतकापे म्हणाला.

“आजच करा,” ताई म्हणाल्या. “मी मान्यतेची शिफारस करतेय.”

फीतकापे अर्धा उठलाच. अध्यक्षांनी काठी जमिनीवर टेकून मान हलवली.

“एका अटीवर. आमचा नियम आहे. ग्रंथालय भरपूर उजेडाच्या खोलीत हवं, सगळ्या वर्गांना जवळ पडेल असं, आणि तिथे जाताना पोराला मान लववावी लागता कामा नये.” हा नियम होता, खराच होता. बहुतेक शाळांकडे अशी खोलीच नसते म्हणून पाहणी करणारे त्याकडे काणाडोळा करतात, आणि ताईंनीही तो आजवर अनेकदा केला होता. “तुमच्या शाळेत अशी एकच खोली मला दिसली.”

“कोणती?”

ताईंनी चहाचा घोट घेतला. तो त्यांनी सावकाश गिळला, कारण असा घोट पुन्हा मिळणार नव्हता. “आपण बसलोय ती.”

फीतकापेचा चेहरा ताईंनी नीट बघून घेतला. आधी त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्याने अध्यक्षांकडे बघितलं. मग कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “पण हे मुख्याध्यापकांचं कार्यालय आहे. पालक येतात, पाहुणे येतात. शाळेची काही शान असते की नाही?”

“ती ग्रंथालयाने वाढेल.”

“आणि मी कुठे बसू?”

“जिन्याखालची खोली रिकामी होईलच ना,” ताई म्हणाल्या. “पुस्तकांना चालली तर तुम्हाला न चालायला काय झालं?”

फीतकापेने तोंड उघडलं, पण अध्यक्षा आधी बोलल्या. “पालकांना तुम्ही कळवून टाकलंत मान्यता मिळणार म्हणून. बाहेर पाटीसुद्धा रंगवून ठेवलीत. आता नाही मिळाली तर माझी शोभा होईल.” म्हातारी काठीवर भार देऊन उठली. “देऊन टाका खोली. मी गाडीत बसते.”

ती गेली आणि खोलीत दोघंच उरली. फीतकापे खिडकीपर्यंत गेला. मग वळला, आणि प्रथमच त्याने ताईंकडे खरोखर निरखून बघितलं.  आता ओळखणार. ओळखू दे. काय व्हायचं ते होवो.

“मॅडम, स्पष्ट विचारतो. माझ्याविषयी तुमच्या मनात काही आहे का? कारण एवढी अडवणूक उगीच कुणी करत नाही.” त्याचा आवाज खरोखर गोंधळलेला होता. “पण मी तर तुम्हाला आज पहिल्यांदाच बघतोय.”

 सोंग असतं तर ताईंनी ओळखलं असतं. तो सोंग करत नव्हता. याच खोलीत त्यांनी त्याच्या हातात फुलं दिली होती, तो शाळेत आला त्या दिवशी. याच खोलीवरून त्यांनी त्याच्याशी भांडण केलं होतं. त्यांची झोप, भूक, तरुणपण ज्या माणसापायी गेलं होतं त्याच्या डोक्यात त्यांच्यासाठी एक कोपरासुद्धा नव्हता. त्याच्या लेखी तेव्हा एक खोली रिकामी झाली होती, एवढंच.

शब्द ओठांवर आले होते. मी कोण ते सांगते, ऐका. एवढं म्हटलं की त्याचा चेहरा पुन्हा एकदा उतरणार होता, आणि या वेळी खऱ्या कारणासाठी. पण पुढचंही त्यांना दिसत होतं. बोलणं संपायच्या आत तो संघटनेला फोन लावणार. इथे नोकरी केलेली बाई पाहणीला कशी आली? पाहणी रद्द, अट रद्द, गालिचा जागच्या जागी. नवा माणूस येणार, भरलेली कपाटं बघणार आणि प्रामाणिकपणे नकार देऊन जाणार.

“मनात काय असणार, सर?” ताई म्हणाल्या. “नियम आहे.” 

घरी बहिणीने दारातच विचारलं, “कळलं का त्याला?”

“खोली जाणार त्याची. जिन्याखाली बसणार.”

“ते राहू दे. तू कोण ते कळलं का?”

ताई बूट काढत राहिल्या. बहिणीने पुन्हा विचारलं नाही. तिने पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला आणि ताई भडाभडा रडल्या. जिंकून आलेलं माणूस इतकं रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

खोली हलवायला फीतकापेने जमेल तेवढा वेळ लावला, पण अध्यक्षांनी पाठ सोडली नाही. ग्रंथालयाच्या उद्घाटनाला संघटनेतून सचिव आणि ताई, दोघंही गेले. फीत अर्थातच होती, आणि या वेळी ती फीतकापेच्या स्वतःच्या जुन्या कार्यालयाला बांधलेली होती. त्याच्या कपाळावर भलंमोठं टेंगूळ होतं. त्याच्या शेजारी आधीचं एक, पिवळं पडत चाललेलं. जिन्याखालच्या खोलीची सवय अजून झालेली दिसत नव्हती. ताईंनी दोन्ही टेंगळं डोळे भरून बघून घेतली. एवढं तरी त्यांच्या वाट्याला आलंच.

मग त्याने भाषण केलं. त्याला म्हणे कित्येक वर्षं वाटत होतं की शाळेतली उत्तम खोली मुलांना मिळावी. मुख्याध्यापकाने अंधारात बसावं, पण पोरांनी उजेडात वाचावं. हा विचार त्याच्या मनात आला तेव्हा घरच्यांनीसुद्धा वेड्यात काढलं, पण तो मागे हटला नाही. पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एका आईने डोळे पुसले. ताईंनी नखं तळहातात रुतवली. शेजारी सचिव म्हणाले, “माणूस बरा वाटतो हो.”

फीत कापली गेली आणि पोरं आत घुसली. ग्रंथपाल आता पूर्णवेळची झाली होती. ती “हळू, हळू!” म्हणत होती आणि कुणी ऐकत नव्हतं. विहिरीवाली मुलगी सगळ्यांना ढकलून खिडकीच्या कडेवर चढली आणि पाय दुमडून बसली. तिच्या शेजारच्या जागेवरून लगेच दोघांत जुंपली. बघता बघता फळ्यांना भोकं पडायला लागली.

फीतकापे हार सावरत दोघांजवळ आला. तो खुशीत होता. त्याचा अर्धा अपमान टाळ्यांत वाहून गेला होता आणि उरलेला अर्धा तो विसरत चालला होता. “सचिवसाहेब, मॅडमनी मला घाम फोडला, पण झालं ते चांगलंच झालं,” तो म्हणाला. मग ताईंकडे वळला आणि त्यांना ती खोली दाखवायला लागला. सकाळी पहिल्या तासाला ऊन कुठपर्यंत येतं. मधल्या खिडकीची कडी कशी वर उचलून लावावी लागते. “तुम्हाला माहीत नसेल, मॅडम, मी आलो तेव्हा इथे नुसती अडगळ होती. कुणी फिरकत नव्हतं. ही खोली माणसात आणली ती मी.”

मधल्या खिडकीची ती कडी ताईंच्या हातून बिघडली होती. आता सांगावं, इथे, सगळ्यांसमोर. जीभ टाळूला लागलीसुद्धा. सचिव त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पुस्तक हरवलेल्या पोराकडे बघावं तसे. कडेवरच्या मुलीने पान उलटलं.

“हो का?” ताई म्हणाल्या. “मला काहीच माहीत नव्हतं.”